‘वंडर बॉइज’ (2000) : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘वंडर बॉइज’ हा अमेरिकन चित्रपट येऊन पाव शतक उलटले. तरीही लेखनाच्या कार्यशाळांत बसणारे, बाड काखेत मारून प्रकाशकाच्या पायऱ्या चढणारे आणि तेच बाड कपाटात ठेवून वर्षानुवर्षे झुरणारे, असे तिन्ही प्रकारचे लोक त्याच्याविषयी विचारणा करतच असतात. त्यांच्या नेहमीच्या प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत. शेवटच्या दोन उत्तरांत कथेचा शेवट उघड होतो, त्यामुळे ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांनी ती उत्तरे मागाहून वाचावीत.

चित्रपटाची कथा थोडक्यात काय आहे?

पिट्सबर्ग शहरातल्या एका विद्यापीठात ग्रेडी ट्रिप हा वयाने पोक्त लेखक सर्जनशील लेखन शिकवतो. सात वर्षांपूर्वी त्याच्या कादंबरीने त्याला नाव आणि पुरस्कार दोन्ही मिळवून दिले. त्यानंतर त्याचे एकही पुस्तक आलेले नाही. चित्रपट सुरू होतो त्याच सकाळी त्याची बायको घर सोडून गेलेली असते. ज्या सारा गास्केलवर त्याचे प्रेम आहे ती विद्यापीठाची चान्सलर आहे, विवाहित आहे आणि त्याच दिवशी ती गरोदर असल्याचे त्याला सांगते. तिचा नवरा वॉल्टर हा ग्रेडीचाच विभागप्रमुख. त्यातच विद्यापीठात ‘वर्डफेस्ट’ नावाचा वार्षिक साहित्यमेळा भरलेला असल्याने ग्रेडीचा संपादक टेरी क्रॅबट्री न्यूयॉर्कहून येऊन थडकतो. क्रॅबट्रीची स्वतःची नोकरी डळमळीत झाली आहे, आणि ग्रेडीची नवी कादंबरी हातात पडली तरच ती टिकेल अशी त्याला आशा आहे.

जेम्स लीअर नावाच्या अबोल, हुशार आणि सराईतपणे खोटे बोलणाऱ्या विद्यार्थ्याला ग्रेडी त्या रात्री आपल्या पंखाखाली घेतो, आणि पुढच्या काही तासांत त्याच्या गाडीच्या डिकीत एक मेलेला कुत्रा आणि गाडीत मेरिलिन मन्रोचा कोट जमा होतो. शुक्रवार ते रविवार एवढाच कथेचा काळ आहे.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. चान्सलर म्हणजे शब्दशः कुलपती. पण महाराष्ट्रात राज्यपाल जसे सरकारी विद्यापीठांचे पदसिद्ध कुलपती असतात तसे ते पद नव्हे. सारा विद्यापीठाचा रोजचा कारभार पाहते, म्हणजे आपल्या भाषेत ती कुलगुरू आहे. हे ध्यानात घेतले म्हणजे ग्रेडीने कुठल्या निखाऱ्यावर पाय ठेवला आहे ते नीट समजते.

चित्रपट कोणी केला आणि त्यात कोण कोण आहे?

दिग्दर्शन कर्टिस हॅन्सन यांचे, पटकथा स्टीव्ह क्लोव्ह्ज यांची, छायाचित्रण डांटे स्पिनोटी यांचे आणि संकलन डीडी अ‍ॅलन यांचे आहे. मायकेल शेबॉन यांच्या 1995 च्या कादंबरीवर तो आधारलेला आहे. ग्रेडीच्या भूमिकेत मायकेल डग्लस, साराच्या भूमिकेत फ्रान्सिस मॅकडॉर्मंड, क्रॅबट्रीच्या भूमिकेत रॉबर्ट डाउनी ज्युनिअर आणि जेम्सच्या भूमिकेत टोबी मॅग्वायर आहेत. केटी होम्स यांनी हॅना ग्रीन ही ग्रेडीच्या घरात भाड्याने राहणारी विद्यार्थिनी साकारली आहे, तर धडाधड पुस्तके काढणारा आणि व्यासपीठावर सहज रमणारा ‘क्यू’ हा लेखक रिप टॉर्न यांनी.

‘वंडर बॉय’ म्हणजे कोण? हे नाव अनेकवचनी का आहे?

कोवळ्या वयात लखलखून उठलेला, ज्याच्याकडे सगळे ‘आता पुढे काय?’ अशा नजरेने पाहतात, त्या मुलाला इंग्रजीत तसे म्हणतात. ग्रेडी एके काळी तसा होता. त्याचे पुस्तक शोधून काढल्यामुळे क्रॅबट्रीही संपादकांमधला तसाच हिरा ठरला होता. जेम्स आता त्या उंबरठ्यावर उभा आहे. कोवळेपणीचे हे कौतुक पन्नाशीत अंगाला किती तोकडे होते हे ग्रेडी आणि क्रॅबट्री यांच्याकडे पाहून कळते, आणि जेम्सला मात्र ते कळावे असे कोणालाच वाटत नाही.

सर्जनशील लेखनाचा प्राध्यापक नेमके काय करतो?

हा प्रश्न मराठी वाचकांकडून सर्वांत जास्त येतो, आणि ते स्वाभाविक आहे. आपल्याकडे मराठीचा प्राध्यापक प्रामुख्याने साहित्याचा इतिहास, समीक्षा आणि भाषाविज्ञान शिकवतो; तो स्वतः कवी वा कादंबरीकार असला तरी ते त्याच्या नोकरीचे कारण नसते. अमेरिकेत आयोवा विद्यापीठात 1936 साली लेखन कार्यशाळा सुरू झाली आणि त्या धर्तीवर देशभर असे विभाग उभे राहिले. तेथे लेखकाची नेमणूक तो लेखक आहे म्हणूनच होते. एका विद्यार्थ्याची कथा सर्वांनी आधी वाचून यायची, वर्गात गोल बसून तिची चिरफाड करायची आणि प्राध्यापकाने त्या चर्चेला वळण द्यायचे, अशी साधारण पद्धत असते.

चित्रपटाच्या सुरुवातीलाच असा वर्ग आहे. त्या दिवशी पाळी जेम्सच्या कथेची असते. वर्गबंधू एकामागून एक तुटून पडतात आणि जेम्स मान खाली घालून ऐकत राहतो. ज्याने आपले लिखाण चारचौघांत वाचून दाखवले आहे, त्याला तो प्रसंग पाहताना स्वतःचे कान तापल्याखेरीज राहणार नाहीत. ग्रेडी या वेळी काय करतो, तर जवळजवळ काहीच नाही. या नोकरीची खरी कुचंबणा येथे आहे. ज्या गोष्टीसाठी त्याला पगार मिळतो ती गोष्ट त्याच्या हातून घडेनाशी झाली आहे, आणि तरी दर आठवड्याला त्याच गोष्टीबद्दल त्याला अधिकारवाणीने बोलावे लागते.

म्हणजे ग्रेडीला लिहिता येत नाही, हीच त्याची अडचण आहे ना?

नाही. हा फार मोठा आणि सर्वत्र पसरलेला गैरसमज आहे. या चित्रपटाची ओळख करून देताना लेखणी अडलेल्या लेखकाची कथा असे म्हणण्याची प्रथा पडली आहे, पण ग्रेडीची लेखणी अडलेली नसून ती थांबतच नाही.

यासाठी एकच प्रसंग बारकाईने पाहावा. ग्रेडी बायकोचा जुना, गुलाबी, मळलेला झगा अंगात चढवून टाइपरायटरपाशी बसतो, कोरा कागद सरकवतो आणि वरच्या बाजूला पानाचा क्रमांक टाइप करतो. आधी दोन, मग सहा, मग एक. 261 हा आकडा पाहून ‘बरीच मजल मारली की’ असे आपल्या मनात येते न येते तोच त्याचे बोट पुन्हा खाली येते आणि शेवटी आणखी एक ‘1’ उमटतो. पान क्रमांक 2611. प्रेक्षागृहात येथे हशा पिकतो, आणि तो विरण्याआधीच पोटात खड्डा पडतो, कारण या माणसाला हात आवरता येत नाही हे एका आकड्यात सांगून झालेले असते.

मराठीत याला पाल्हाळ म्हणतात, पण ग्रेडीचा दोष पाल्हाळाहून खोल आहे. पुढे हॅना ते बाड वाचते आणि अतिशय अदबीने त्याला सांगते की, लेखक म्हणजे निवड करणारा माणूस असे तुम्हीच आम्हाला वर्गात शिकवता, आणि या बाडात मात्र तुम्ही कसलीच निवड केलेली दिसत नाही. सगळ्यांच्या घोड्यांच्या वंशावळी आहेत, दातांच्या नोंदी आहेत, सगळेच आहे. गांजाच्या नशेत नसताना लिहिले तर कदाचित वेगळे होईल, असेही ती सुचवते. एका विद्यार्थिनीने आपल्या प्राध्यापकाला त्याचाच धडा परत करावा आणि त्यात उद्धटपणाचा लवलेशही नसावा, हे केटी होम्स यांनी ज्या संयमाने केले आहे त्याची पुरेशी दखल घेतली गेली नाही असे मला वाटते.

दिवाळी अंकाच्या संपादकाचा श्रावणापासून सुरू होणारा तगादा मराठी लेखकांना जाचक वाटतो खरा. ग्रेडीच्या मागे असा तगादा सात वर्षे लागला असता तर बाड बहुधा चारशे पानांत आटोपले असते.

मेलेला कुत्रा, मन्रोचा कोट, ट्युबा या सगळ्यांचा कथेशी काय संबंध आहे?

पहिल्यांदा पाहताना हा सारा धिंगाणा हसवण्यासाठी घातलेला वाटतो. गास्केल दांपत्याच्या घरी मेजवानी चालू असताना त्यांचा आंधळा कुत्रा ग्रेडीच्या पायाला कडकडून चावतो, जेम्स आपल्याजवळच्या छोट्या पिस्तुलाने त्याला गोळी घालतो आणि दोघे मिळून ते कलेवर गाडीच्या डिकीत टाकतात. वॉल्टरला बेसबॉलपटू जो डिमॅजिओ आणि मेरिलिन मन्रो यांच्या लग्नाचे वेड आहे. 1954 सालच्या त्या लग्नात मन्रोने घातलेला म्हणून जपलेला कोट त्याच्या कपाटात असतो, आणि जेम्स तोही हळूच उचलतो. डिकीत आधीपासून क्रॅबट्रीसोबत आलेल्या पाहुणीची बॅग आणि एक भलामोठा ट्युबा, म्हणजे फुंकून वाजवायचे पितळी वाद्य, असतोच.

माझ्या मते ही डिकी म्हणजे त्या 2611 पानांच्या बाडाचीच दुसरी प्रत आहे. ग्रेडीला काहीही टाकून देता येत नाही. जे हाती लागेल ते तो आत ढकलतो आणि झाकण लावून पुढे निघतो, मग तो मेलेला कुत्रा असो, विस्कटलेला संसार असो किंवा कादंबरीतली घोड्यांची वंशावळ असो. ती गाडीसुद्धा पूर्णपणे त्याची नाही. व्हर्नन नावाचा एक माणूस ती आपली असल्याचे सांगत त्याच्या मागे लागलेला असतो. चित्रपटात पुढे एकेक वस्तू ज्याची त्याला परत जाते किंवा हातातून निसटते, आणि तसतसा ग्रेडी शुद्धीवर येत जातो. कथेची बांधणी एवढी काटेकोर आहे आणि ती वरून इतकी सैल दिसते, हे क्लोव्ह्ज यांचे कसब म्हणावे लागेल.

हा चित्रपट विनोदी समजावा की गंभीर?

गोल्डन ग्लोब पुरस्कारांत विनोदी आणि गंभीर चित्रपटांचे गट वेगळे असतात. तेथे ‘वंडर बॉइज’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे आणि डग्लस यांना अभिनयाचे नामांकन मिळाले ते गंभीर गटात. पाहणाऱ्याला मात्र हा निवाडा करण्याची घाई नसावी. यातले विनोद कोटी करून किंवा आपटून-धोपटून केलेले नाहीत. समोर अनर्थ घडत असताना ग्रेडी ज्या थकलेल्या, समजूतदार, किंचित घोगऱ्या आवाजात बोलत राहतो, त्या आवाजातून हसू येते. डग्लस यांनी तोवर चकचकीत सुटातली, करारी माणसे पुष्कळ रंगवली होती. येथे त्यांनी वजन वाढवले, दाढीचे खुंट राखले आणि कुत्रा चावल्यानंतर उरलेला चित्रपट लंगडत काढला. लॉस एंजेलिसच्या समीक्षकांच्या संघटनेने त्या वर्षीचा अभिनयाचा पुरस्कार त्यांना दिला.

जेम्स सतत खोटे का बोलतो?

आपण गरीब घरातले, दुर्दैवी आणि बेघर असल्याचे तो भासवतो. प्रत्यक्षात त्याचे आईवडील सुखवस्तू आहेत. हॉलिवूडमधल्या ज्या नटनट्यांनी आयुष्य संपवले त्यांची यादी तो अकारविल्हे, एका सुरात म्हणून दाखवतो, आणि त्याच्याबद्दल काळजी वाटू लागते ती तेथे. परंतु खोटे बोलणे आणि कथा रचणे यांच्यातली रेघ कोणी आखायची हा प्रश्न चित्रपट खुबीने उघडा ठेवतो. जेम्सच्या थापांत नेमका तपशील असतो आणि तो नेमका तेवढाच असतो. ग्रेडीला जे 2611 पानांत जमलेले नाही ते या पोराला एका थापेत जमते, आणि हे ग्रेडीच्या लक्षात येते.

ही कथा खऱ्या माणसावर बेतलेली आहे का?

दोन माणसांवर, आणि त्यांपैकी एक शेबॉन स्वतः. त्यांची पहिली कादंबरी 1988 साली आली तेव्हा ते जेमतेम पंचविशीत होते. ती त्यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील शाखेत पदवीसाठी लिहिली होती, आणि त्यांच्या प्राध्यापकांनी त्यांना न सांगताच ती साहित्यिक एजंटाकडे धाडून दिली. चित्रपटात जेम्सचे बाड त्याला न विचारता संपादकाच्या हाती पडते, तेव्हा ही हकीकत आठवते. पुढे शेबॉन ‘फाउंटन सिटी’ या दुसऱ्या कादंबरीत सुमारे पाच वर्षे रुतून बसले. ती दीड हजार पानांच्या घरात गेली तरी हाती लागेना, तेव्हा त्यांनी ती बाजूला ठेवली आणि अशाच रुतलेल्या लेखकाची गोष्ट लिहायला घेतली. तिचा पहिला खर्डा काही महिन्यांतच पुरा झाला.

दुसरे गृहस्थ म्हणजे पिट्सबर्ग विद्यापीठात शेबॉन यांना शिकवणारे चक किंडर. त्यांचे एक बाड वर्षानुवर्षे फुगत तीन हजार पानांपर्यंत गेले होते, असे सांगतात. ते छाटून-कापून 2001 साली, म्हणजे चित्रपटानंतर वर्षभराने, कादंबरी म्हणून बाहेर आले. शिष्याने गुरूची फजिती लिहून मोकळे व्हावे, तिच्यावर चित्रपटही निघावा, आणि गुरूचे पुस्तक त्यानंतर यावे, असा योग साहित्यात वारंवार येत नाही.

कादंबरी आणि चित्रपट यांत काय फरक आहे?

सर्वांत मोठा फरक ग्रेडीच्या सासरचा. कादंबरीत त्याच्या बायकोचे ज्यू कुटुंब आणि पासोव्हर सणाचे जेवण यांना बराच ऐसपैस भाग दिला आहे; चित्रपटात ते जेवण नाही आणि बायकोही जवळजवळ अदृश्य आहे. कादंबरीत कुत्र्याच्या जोडीला एक अजगरही प्राणास मुकतो, चित्रपटात तो वाचला. कादंबरी आवडलेल्या वाचकांना सणाच्या जेवणाची उणीव भासते, आणि ती रास्त आहे. मात्र काय गाळायचे हे न कळणाऱ्या लेखकाची कथा पडद्यावर आणताना पटकथाकाराने निर्दयपणे गाळले, याबद्दल तक्रार करणे जरा अवघड जाते.

कथा पिट्सबर्गमध्येच का घडते?

शेबॉन तेथे शिकले हे एक कारण. पोलादाच्या कारखान्यांवर मोठे झालेले, नंतर तो धंदा ओसरल्यावर विद्यापीठे आणि रुग्णालये यांच्या आधाराने पुन्हा उभे राहिलेले हे शहर आहे. अलेघेनी आणि मोनोंगाहेला या नद्या येथे मिळून ओहायो नदी होते. चित्रीकरण 1999 च्या हिवाळ्यात झाले, विद्यापीठाची दृश्ये कार्नेगी मेलन आणि चॅटम या संस्थांच्या आवारात घेतली गेली. कार्नेगी मेलनमध्ये संगणकशास्त्र शिकायला गेलेल्या मराठी मुलामुलींना तो परिसर ओळखीचा वाटेल. करड्या आभाळाखालचा चिखलाळलेला बर्फ, ओले पूल, दुपारीच लागलेले दिवे हे स्पिनोटी यांनी असे टिपले आहे की ग्रेडीच्या झग्याची ऊब आपल्यालाही हवीशी वाटते.

चित्रपट चालला का?

नाही. सुमारे साडेपाच कोटी डॉलर खर्चून केलेल्या या चित्रपटाने जगभरात जेमतेम तीन कोटी तेहतीस लाखांच्या आसपास गल्ला जमवला. फेब्रुवारी 2000 मध्ये तो आला तेव्हा जाहिरातफलकावर चष्मा लावून गालातल्या गालात हसणाऱ्या डग्लस यांचा नुसता चेहरा होता, आणि त्यावरून चित्रपट कशाचा आहे याचा कोणालाही थांग लागत नव्हता. स्वतः हॅन्सन त्या फलकावर नाराज होते. समीक्षकांनी इतकी प्रशंसा केली की पॅरामाउंट कंपनीने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नवा फलक करून तो पुन्हा प्रदर्शित केला, पण प्रेक्षक दुसऱ्यांदाही फिरकले नाहीत. एकच काम पुन्हा पुन्हा करूनही पार न पडण्याचे ग्रेडीचे नशीब चित्रपटालाही चिकटले म्हणायचे.

ऑस्कर मिळाले ते कशाला?

गाण्याला. बॉब डिलन यांनी चित्रपटासाठी लिहिलेले आणि गायलेले ‘थिंग्ज हॅव चेंज्ड’ हे गाणे मार्च 2001 मध्ये सर्वोत्कृष्ट गीत ठरले. डिलन तेव्हा दौऱ्यावर ऑस्ट्रेलियात होते आणि उपग्रहाद्वारे त्यांनी तेथूनच ते गायले. रूपांतरित पटकथा आणि संकलन यांची नामांकने मात्र नामांकनेच राहिली; दोन्ही पुरस्कार ‘ट्रॅफिक’ने नेले, आणि गंमत म्हणजे त्यातही मायकेल डग्लस होते.

मुलांबरोबर पाहावा का?

नको. गांजा, शिव्या आणि कुत्र्याचा मृत्यू हे सर्व त्यात आहे.

ग्रेडीच्या बाडाचे शेवटी काय होते?

नदीकाठी गाडीचे दार उघडे राहते आणि वारा सुटतो. सात वर्षांची पाने पाण्यावर, रस्त्यावर, हवेत पसरतात. क्रॅबट्री विचारतो की प्रत तर असेलच, आणि ग्रेडीकडे असतो तो फक्त पहिल्या प्रकरणाचा एक पर्यायी खर्डा. मग व्हर्नन त्याला विचारतो की, ही कादंबरी होती तरी कशाबद्दल, आणि ग्रेडीला उत्तर देता येत नाही. संपूर्ण चित्रपटातला सर्वांत क्रूर प्रश्न हाच आहे, आणि तो विचारणाऱ्याला त्यातल्या क्रौर्याचा पत्ताही नाही. मन्रोचा कोट त्या वेळी व्हर्ननची गरोदर जोडीदार ऊला हिच्या अंगावर असतो, आणि ग्रेडी तो परत मागत नाही.

शेवट फार गोड झाला आहे, असे वाटत नाही का?

थोडा झाला आहे. जेम्सचे पुस्तक छापायचे ठरते, वॉल्टरला गप्प करण्यासाठी त्याचेही पुस्तक छापण्याचे क्रॅबट्री कबूल करतो, आणि ग्रेडीला सारा मिळते. इतक्या गाठी इतक्या भराभर सुटाव्यात हे त्या दोन दिवसांच्या गोंधळाशी जुळत नाही, आणि वॉल्टरचे तोंड पुस्तकाने बंद करण्याची युक्ती तर मला पटकथेतली एकमेव आळशी जागा वाटते. तथापि अखेरच्या दृश्यातला एक बारकावा या गोडव्यातून वाचतो. ग्रेडी आता उजेडाच्या खोलीत बसून, झग्याऐवजी नीटनेटक्या कपड्यांत, आपण नुकतीच पाहिलेली हीच गोष्ट लिहितो आहे. समोर टाइपरायटर नसून संगणक आहे. खिडकीबाहेर सारा मुलाला घेऊन येताना दिसते, तेव्हा तो वाक्य पुरे करतो, मजकूर जपून ठेवण्याची कळ दाबतो आणि मगच उठतो.